मुलाचा ल्युकेमिया उलटतो तेव्हा

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे असते, आणि त्यातही ज्याला रुग्णालयात सगळे ‘ए.एल.एल.’ म्हणतात तो ‘ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ सर्वाधिक आढळतो. हा आजार आज बहुसंख्य मुलांमध्ये पूर्ण बरा होतो. श्रीमंत देशांतल्या चांगल्या केंद्रांत दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात, आणि पहिल्या निदानाच्या दिवशी डॉक्टर ही गोष्ट पालकांना आवर्जून सांगतात, कारण पुढची अडीच वर्षे त्यांना त्याच आधारावर काढायची असतात. म्हणूनच आजार उलटतो तेव्हा घरावर दुहेरी आघात होतो. एक तर मूल पुन्हा आजारी पडलेले असते, आणि दुसरे म्हणजे ज्या आकडेवारीवर विसंबून सगळे सोसले, तिच्या चांगल्या बाजूला आपण नव्हतो, हे कळलेले असते. पहिल्या वेळी पालकांना पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसते. दुसऱ्या वेळी त्यांना ते सगळे तोंडपाठ असते. दुसरा फेरा अधिक जड जातो तो मुख्यतः यामुळे, असे मला वाटते.

आजार उलटणे म्हणजे शरीरात नेमके काय होणे, त्यावर आज काय उपाय आहेत, आणि कुठल्या गोष्टी पालकांच्या हातात असतात व कुठल्या नसतात, हे या लेखात सांगायचे आहे.

‘रेमिशन’ म्हणजे बरे होणे नव्हे

निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात ल्युकेमियाच्या पेशींची संख्या साधारण एक लाख कोटींच्या घरात असते. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर अस्थिमज्जेचा, म्हणजे बोन मॅरोचा, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात कर्करोगाच्या पेशी ५ टक्क्यांहून कमी असल्या आणि नव्या निरोगी पेशी तयार होऊ लागलेल्या दिसल्या, की मूल ‘रेमिशन’मध्ये आले असे म्हणतात. घरी पेढे वाटले जातात. परंतु ५ टक्क्यांहून कमी म्हणजे शून्य नव्हे. त्या दिवशीही शरीरात शेकडो कोटी रोगट पेशी शिल्लक असू शकतात. म्हणून आता त्याच नमुन्याची ‘एम.आर.डी.’ नावाची अधिक सूक्ष्म चाचणी करतात, जी दहा हजार पेशींमधली एक रोगट पेशीही शोधून काढते. ती चाचणी ‘निगेटिव्ह’ आली तरी उपचार थांबवत नाहीत, कारण दहा हजारांत एक या मर्यादेच्या खालीही लाखो पेशी दडून राहण्याइतकी जागा शरीरात असते. मूल हसते-खेळते दिसत असताना, केस परत आलेले असताना, रोज गोळ्या कशासाठी, हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर या हिशोबात आहे.

रेमिशनइतकाच जुना इतिहास आजार उलटण्याला आहे. बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ‘अमिनोप्टेरिन’ हे औषध ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिल्याची नोंद प्रसिद्ध केली. ते औषध लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले होते, आणि तिथल्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. त्या १६ पैकी १० मुलांची प्रकृती सुधारली, काही मुले चालू-खेळू लागली, आणि काही महिन्यांतच आजार परतला. एका औषधाने भागत नाही हे त्यातून कळले. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्याच मेम्फिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि दोन-तीन वर्षे देण्याची पद्धत बसवली, तेव्हा प्रथमच निम्म्याच्या आसपास मुले कायमची बरी होऊ लागली. आज परळला किंवा पुण्याला मुलाला मिळणाऱ्या उपचारांचा सांगाडा तोच आहे: पहिला महिना जोरकस, मग काही महिने वेगवेगळ्या औषधांचे टप्पे, आणि शेवटी दीड-दोन वर्षांचा ‘मेंटेनन्स’, ज्यात ६-एम.पी. ही गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची असते.

आपले काय चुकले?

आजार उलटला की घरातला पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो बहुधा आईला विचारला जातो. शाळेत लवकर पाठवले का, लग्नाला नेले का, बाहेरचे खाऊ दिले का, गावी नेऊन उन्हात खेळू दिले का. यांपैकी कशानेही ल्युकेमिया उलटत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. बाहेरच्या खाण्याने किंवा गर्दीने संसर्ग होऊ शकतो, आणि तो या मुलांना जिवावर बेतू शकतो. पण संसर्ग ही एक गोष्ट आणि कर्करोग परतणे ही दुसरी.

परतण्याचे कारण पेशींच्या आत असते. पहिल्या निदानाच्या वेळी ज्या असंख्य रोगट पेशी असतात, त्या सगळ्या एकसारख्या नसतात. त्यांच्यात वेगवेगळे गट असतात, आणि एखाद्या लहानशा गटात असा जनुकीय बदल असतो की ठरलेल्या औषधांनी तो मरत नाही. बाकीच्या पेशी औषधाने जातात आणि हा गट मागे राहतो. शेतात वरवर खुरपणी झाली तरी हरळीची एखादी काशी जमिनीत राहावी आणि पुढच्या पावसात तिथूनच फुटावी, तसे होते. उलटलेल्या आजाराच्या जनुकीय तपासण्यांत बहुतेकदा असे आढळले आहे की परत आलेल्या पेशींचे मूळ पहिल्या दिवसापासून शरीरात अल्प प्रमाणात होतेच. काही बदल उपचार चालू असतानाही घडतात. उदाहरणार्थ, ‘एन.टी.५.सी.२’ या जनुकात विशिष्ट बदल झाला की पेशी ६-एम.पी.च्या गोळीला दाद देईनाशी होते. शिवाय मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीचा द्रव आणि मुलग्यांची वृषणे या ठिकाणी रक्तातून दिलेली औषधे नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे तिथे पेशी लपून राहू शकतात. पाठीत वारंवार सुई टोचून औषध सोडतात ते याच कारणासाठी.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. मेंटेनन्सच्या गोळ्या सातत्याने चुकल्या तर धोका वाढतो. अमेरिकेत स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंदणी बसवून हा अभ्यास केला. ठरलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण अडीच पटींहून अधिक आढळले. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की मर्यादा ओलांडली. मूल बरे दिसत असते, गोळी रात्री द्यायची असते, वडील रात्रपाळीला असतात, आणि दीड वर्ष रोज हे सांभाळायचे असते. हे वाचून ज्यांचे मूल आधीच दुसऱ्या फेऱ्यात आहे त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये, कारण कोणत्या एका मुलाचा आजार कशामुळे उलटला हे मागे वळून कोणालाच सांगता येत नाही. पण ज्यांचा मेंटेनन्स चालू आहे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची खूण करायला आजपासून सुरुवात करावी. गोळी सोसत नसेल, काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, सारखे पडत असतील, तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. आशियाई लोकांत ‘एन.यू.डी.टी.१५’ या जनुकाचा असा प्रकार बऱ्यापैकी आढळतो की ज्यामुळे नेहमीचा डोसही जास्त होतो, आणि अशा मुलाचा डोस कमी करून उपचार व्यवस्थित चालू ठेवता येतात.

कळते कसे, आणि पहिल्या आठवड्यात काय होते

अनेकदा नेहमीच्या तपासणीतच कळते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट खाली आलेल्या असतात, किंवा ‘ब्लास्ट’, म्हणजे अपक्व रोगट पेशी, या शब्दापुढे आकडा असतो. अनुभवी पालक हा शब्द डॉक्टरांआधी शोधतात. कधी लक्षणांवरून कळते: अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे पाय दुखणे, न उतरणारा ताप. आजार मेंदूच्या आवरणांत परतला असेल तर सकाळी डोके दुखणे, उलटी होणे, किंवा हसताना तोंड एका बाजूला जाणे अशी चिन्हे दिसतात. मुलग्यांच्या बाबतीत वृषणाला न दुखणारी सूज येऊ शकते. ती दुखत नसल्याने मुलगा सांगत नाही, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा तर लाजेनेही सांगत नाही. म्हणून उपचार संपल्यावरही हे वडिलांनी अधूनमधून विचारत राहावे.

खात्री करण्यासाठी बोन मॅरोची तपासणी होते. मुलाला कुशीवर किंवा पालथे झोपवून, कमरेच्या मागच्या हाडाजवळची जागा बधिर करून किंवा गुंगीचे औषध देऊन, जाड सुईने थोडा मगज, म्हणजे अस्थिमज्जा, ओढून घेतात. त्याच वेळी पाठीच्या मणक्यांमधून पाणी काढून त्यात पेशी आहेत का, हेही पाहतात. पहिल्या निदानाच्या वेळी चार वर्षांचे असलेले मूल आता सात वर्षांचे असते. त्या खोलीचा दरवाजा, तिथला वास आणि आईने बाहेर थांबायचे असते हा नियम, हे सगळे त्याला माहीत असते. ‘परत पाठीत सुई?’ एवढेच ते विचारते. या वयाच्या मुलाला खोटे सांगू नये, असे बालकर्करोग विभागातले बहुतेक डॉक्टर आणि समुपदेशक सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे: मुलाला पुढचा दीर्घ काळ त्याच माणसांवर विश्वास ठेवायचा असतो. ‘तो आजार परत आलाय, तुझ्यामुळे नाही आलेला, या वेळी दुसरी औषधं देणार आहेत,’ ही तीन वाक्ये सात वर्षांच्या मुलाला पुरेशी असतात.

केव्हा, कुठे, आणि उत्तर कसे मिळाले

उलटलेल्या आजाराचे पुढे काय होईल हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते, आणि पालकांनी डॉक्टरांना याच तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, आजार केव्हा परतला. निदानानंतर दीड वर्षाच्या आत परतला असेल तर तो ‘अतिशय लवकर’. त्यानंतर पण सगळे उपचार संपून सहा महिने होण्याआधी परतला तर ‘लवकर’. आणि उपचार संपून सहा महिन्यांहून अधिक काळ गेल्यावर परतला तर ‘उशिरा’, अशी विभागणी सर्वत्र वापरली जाते. जितका उशीर तितके चांगले, कारण औषध चालू असतानाच ज्या पेशी डोके वर काढतात त्या औषधांना सरावलेल्या असतात. दुसरी, कुठे परतला: मगजात, मगजाबाहेर एखाद्या ठिकाणी, की दोन्हीकडे. फक्त मेंदूच्या द्रवात किंवा वृषणात उशिराने परतलेला आजार मगजातल्या लवकर परतलेल्या आजारापेक्षा बराच आटोक्यात येण्याजोगा असतो. आजाराची जातही, म्हणजे तो बी की टी या पांढऱ्या पेशींपैकी कोणत्या प्रकारात आहे हेही, इथे मोजावे लागते. बी-पेशींच्या ल्युकेमियापेक्षा टी-पेशींचा ल्युकेमिया उलटला तर तो अधिक हट्टी असतो. तिसरी, दुसऱ्यांदा उपचार सुरू केल्यावर पहिल्या महिनाभरात एम.आर.डी. किती खाली आली.

या तिन्हींची उत्तरे चांगली असतील, तर निम्म्याहून अधिक मुले दुसऱ्या फेऱ्यातही कायमची बरी होऊ शकतात. उत्तरे वाईट असतील तर ते प्रमाण खूप खाली येते. ‘ल्युकेमिया उलटला म्हणजे संपले’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे, आणि ‘काही होत नाही, पहिल्यासारखाच बरा होईल’ हेही तितकेच. दुर्दैवाने भेटायला येणारे लोक या दोहोंपैकी एक वाक्य हमखास बोलून जातात.

उपचारांची सुरुवात पुन्हा जोरकस केमोथेरपीने होते, मात्र औषधे काही प्रमाणात वेगळी असतात. हृदयावर परिणाम करणाऱ्या काही औषधांची आयुष्यभराची मर्यादा ठरलेली असते. त्यातला वाटा पहिल्या वेळी खर्च झालेला असल्याने ‘इको’, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तपासून हिशोबाने पुढे जावे लागते. शरीर आधीच थकलेले असते, त्यामुळे दुसऱ्या फेऱ्यात कर्करोगाइतकेच संसर्गाचेही भय असते. पांढऱ्या पेशींपैकी ‘न्युट्रोफिल’ पाचशेच्या खाली गेलेल्या असताना मुलाला १०० अंश फॅरनहाइटच्या थोडा वर ताप आला, तरी ती तातडीची वेळ समजतात. अशा वेळी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नसते. रुग्णालयात पोहोचून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. या घरांमध्ये थर्मामीटर उशाशी असतो, रिक्षावाल्याचा नंबर दारामागे लिहिलेला असतो, आणि एक पिशवी कायम भरलेली असते.

आजार लवकर परतला असेल किंवा एम.आर.डी. खाली येत नसेल, तर रेमिशन मिळाल्यावर बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा, म्हणजे दुसऱ्याच्या निरोगी मगजाच्या पेशी मुलाला देण्याचा, विचार होतो. त्यासाठी दाता लागतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. कोणी जुळले नाही तर दात्यांच्या नोंदणी संस्थांमध्ये शोध घेतात, किंवा अर्धे जुळणाऱ्या आईकडून अथवा वडिलांकडून पेशी घेतात. इथे घरातल्या दुसऱ्या मुलाकडे लक्ष द्यायला हवे. वर्षानुवर्षे आजी-मावशीकडे राहून शिकणाऱ्या त्या मुलाला अचानक मुंबईला आणून रक्त तपासतात. जुळले तर त्याच्यावर मोठी जबाबदारी पडते, आणि न जुळले तर त्याला आपणच कमी पडलो असे वाटते. दोन्ही वेळा त्याच्याशी कोणीतरी निवांत बसून बोलायला हवे, आणि धावपळीत नेमके तेच राहून जाते.

फिलिप्सबर्गचे एक कुटुंब

उलटलेल्या ल्युकेमियाशी झुंजलेल्या कुटुंबांत जगभर सर्वाधिक माहीत असलेले कुटुंब अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलिप्सबर्ग या छोट्या गावचे आहे. टॉम व्हाइटहेड वीजवाहिन्यांवर काम करणारे लाइनमन, पत्नी कारी, आणि एकुलती एक मुलगी एमिली. २०१० च्या मे महिन्यात, पाचवा वाढदिवस झाल्यावर लगेचच, एमिलीला ए.एल.एल. असल्याचे कळले. पहिल्या टप्प्यातच दोन्ही पायांना गंभीर संसर्ग झाला आणि पाय कापावे लागतात की काय अशी वेळ आली, ते वाचले. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे निदानाला दीड वर्षही झालेले नसताना, आजार परतला. वर सांगितलेल्या विभागणीत हा ‘अतिशय लवकर’चा गट. ट्रान्सप्लांट ठरले, तारीख मिळाली, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत, ट्रान्सप्लांटला थोडेच दिवस उरलेले असताना, आजार पुन्हा उसळला. रेमिशन नसताना ट्रान्सप्लांट करता येत नाही. नेहमीचे मार्ग तिथे संपले होते.

आईवडिलांनी फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात विचारणा केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांचा गट रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत प्रयोगशाळेत नवे जनुक घालून, त्या ल्युकेमियाच्या पेशी ओळखून मारतील अशा बनवण्यावर काम करीत होता. ते जनुक पेशीत पोहोचवायला एच.आय.व्ही.पासून बनवलेला, आजार करू न शकणारा विषाणू वापरला जातो. या पद्धतीला ‘कार टी-सेल’ उपचार म्हणतात. तोवर तो मोजक्या प्रौढ रुग्णांवर झाला होता, मुलांवर नाही. एप्रिल २०१२ मध्ये, सातवे वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस उरलेले असताना, एमिलीला तिच्याच बदललेल्या पेशी शिरेतून देण्यात आल्या.

त्यानंतर जे झाले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. ताप १०५ अंशांवर गेला, रक्तदाब कोसळला, तिला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, आणि आशा जवळजवळ सोडली गेली. तपासणीत ‘इंटरल्युकिन-६’ नावाचे दाहकारक प्रथिन रक्तात प्रचंड वाढलेले दिसले. नव्या पेशी ल्युकेमियाशी लढताना शरीरात जो वणवा पेटला होता, त्याचे ते मूळ होते. या प्रथिनाला अडवणारे ‘टोसिलिझुमॅब’ हे औषध संधिवातासाठी बाजारात होते. कार्ल जून यांना ते ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. एमिलीचे डॉक्टर स्टीफन ग्रुप यांनी ते औषध दिले आणि काही तासांत ताप उतरू लागला. २ मे २०१२ रोजी, आपल्या सातव्या वाढदिवशी, एमिली शुद्धीवर आली. पुढच्या तपासणीत मगजात ल्युकेमिया सापडला नाही, आणि नंतरही तो परतला नाही. त्यानंतर टोसिलिझुमॅब हे या उपचाराच्या सोबत तयार ठेवायचे औषध झाले; पुढे ज्यांना तसाच ताप चढला त्या असंख्य रुग्णांना तिच्यामुळे ते वेळेवर मिळाले.

ही गोष्ट वर्तमानपत्रांत नेहमी इथे संपते, आणि पालकांवर त्याचा अन्याय होतो, असे माझे मत आहे. कारण २०१३ मध्ये ज्या शोधनिबंधात एमिलीची हकिगत प्रसिद्ध झाली, त्यात दोन मुलींची माहिती होती. दुसऱ्या मुलीलाही रेमिशन मिळाले, परंतु सुमारे दोन महिन्यांनी आजार पुन्हा परतला, आणि या वेळी त्या पेशींवर ‘सी.डी.१९’ ही खूणच नव्हती. कार टी-पेशी हीच खूण पाहून शत्रू ओळखतात. खूण टाकून दिलेल्या पेशी त्यांना दिसत नाहीत. पुढे अनेक देशांत मिळून ७५ मुले व तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिन्यांच्या आत ८१ टक्के रुग्णांना रेमिशन मिळाले, पण वर्षभरानंतर आजार न परतता राहिलेल्यांचे प्रमाण निम्म्यावर आले होते. ज्यांच्यासाठी दुसरा मार्ग उरला नव्हता त्यांच्या बाबतीत हे मोठेच यश आहे. फक्त ते निम्मे आहे, हे आधी माहीत असावे. शिवाय या पेशी निरोगी बी-पेशीही मारतात, त्यामुळे अनेक मुलांना पुढे दीर्घकाळ बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात.

मुंबईत काय मिळते

अमेरिकेने ३० ऑगस्ट २०१७ रोजी या उपचाराला मान्यता दिली तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपयांच्या वर, आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. भारतात पवईच्या आय.आय.टी. मुंबईतील राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर स्वदेशी कार टी-पेशी विकसित केल्या. जून २०२१ मध्ये खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात त्यांचा पहिला वापर झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने त्यांना मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांचे लोकार्पण झाले. किंमत सुमारे ४० लाख रुपयांच्या आसपास सांगितली गेली. परदेशाच्या मानाने एक दशांश, आणि लातूर-जळगावच्या नोकरदार कुटुंबाच्या मानाने तरीही अशक्य. शिवाय ही मान्यता १५ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी मिळाली होती. त्यामुळे बातमीचे कात्रण घेऊन आलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या वडिलांना डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात तेव्हा ते काही लपवत नसतात. लहान मुलांना हा उपचार मिळू शकतो का, किंवा तशी चाचणी चालू आहे का, हे मोठ्या केंद्रात थेट विचारावे. ‘ब्लिनाट्युमोमॅब’ हे दुसरे नवे औषध, जे मुलाच्या टी-पेशीला रोगट पेशीजवळ आणून बांधते, पंपाने सलग २८ दिवस दिले जाते. उलटलेल्या आजारात ट्रान्सप्लांटआधी ते कठोर केमोपेक्षा सोसायला सोपे आणि सरस असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले, पण तेही महागच आहे.

पैशांची तजवीज उपचार ठरण्याच्या आधी सुरू करावी, कारण कागदपत्रांना वेळ लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याखेरीज मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आहेत, आणि धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी गाठावे; कोणत्या अर्जाला कोणता दाखला लागतो हे त्या टेबलावर जितके नेमके कळते तितके कुठेही कळत नाही. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षे बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते, आणि कॉटन ग्रीन येथील सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत उपचार घेणारी मुले पालकांसह मोफत राहू शकतात. मुंबईला येणे शक्य नसेल तर राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातले रुग्णालय जवळ आहे का, ते पाहावे. रिपोर्ट पाठवून दुसरे मत घेण्याची सोयही आहे. दुसरे मत मागितल्याने आपले डॉक्टर नाराज होतील, या संकोचात अनेक पालक आठवडे घालवतात. चांगले डॉक्टर नाराज होत नाहीत. बरेचदा रिपोर्टची फाइल तेच लावून देतात.

उपचार थांबवण्याचा विचार

तिसऱ्यांदा आजार परतला, किंवा एम.आर.डी. कशानेच हलेनाशी झाली, की एका टप्प्यावर डॉक्टर पालकांना आत बोलावून दार लावून घेतात. त्या बैठकीत काय विचारावे हे आधी कोणी सांगत नाही. पुढच्या केमोने आजार बरा होण्याची खरी शक्यता किती, त्यासाठी किती दिवस रुग्णालयात राहावे लागेल, आणि न घेतल्यास मुलाचे दिवस कसे जातील, असे सरळ विचारावे. जमीन विकून आणखी एक केमो घेणे हेच आईबापाचे प्रेम, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. नातेवाईकही त्याला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात परिहार सेवा, जिला रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात, ती घेणे म्हणजे उपचार सोडून देणे नव्हे. वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन, रक्त आणि प्लेटलेट चढवणे, ताप-उलटीवरची औषधे, क्वचित घरी घ्यायची सौम्य केमोची गोळी, हे सगळे त्यात येते. मॉर्फिन मिळण्यातल्या कायदेशीर अडचणी २०१४ च्या दुरुस्तीने बऱ्याच कमी झाल्या, तरी तालुक्याच्या दुकानात ते सहजी मिळत नाही. म्हणून घरी निघण्याआधी महिनाभराचे औषध आणि त्याची चिठ्ठी सोबत घ्यावी, जवळच्या कोणत्या रुग्णालयात रक्त चढवता येईल ते ठरवून तिथल्या डॉक्टरांच्या नावे पत्र घ्यावे, आणि रात्री मुलाचे दुखणे वाढले तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नये.